मारा नदीकाठचे नऊ दिवस : एका साउंड रेकॉर्डिस्टची वही

दिवस पहिला : मुंबई – नैरोबी

कॅमेऱ्याच्या पेट्या अकरा, माझ्या दोन. वन्यजीवपटाच्या युनिटमध्ये हे प्रमाण असंच असतं, आणि पुष्कळदा या दोन पेट्यांनाही जागा मिळत नाही. खर्च कमी करायचा म्हटला की पहिली काट साउंडवाल्यावर बसते. कॅमेरामनच जाता जाता थोडा अॅम्बियन्स, म्हणजे त्या जागेचा आवाज, घेऊन येतो आणि बाकीचं स्टुडिओत उभं करतात. या वेळी आमच्या दिग्दर्शिकेने (युनिटमध्ये सगळे तिला ताईच म्हणतात) निर्मात्याला स्पष्ट सांगितलं होतं, केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात साउंड रेकॉर्डिस्ट येणार म्हणजे येणार.

पडद्यावर सिंह गवतातून चालताना पावलांचा जो आवाज येतो, तो बहुतेक वेळा त्या सिंहाचा नसतोच. कॅमेरा दोनशे मीटरवर असतो. हजार मिलिमीटरच्या लेन्सने सिंहाची मिशी दिसते, पण तिथवर पोचणारा माइक नाही. मग फोलीवाला, म्हणजे असे आवाज स्टुडिओत बनवणारा, अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत सुक्या गवतावरून हात फिरवतो. बर्फातल्या पावलांसाठी तर कॉर्नफ्लोर भरलेली पिशवी दाबतात. ही मोठी कला आहे आणि मी तिला फसवणूक म्हणणार नाही. पण पावलं बनवता येतात, जागा बनवता येत नाही. त्या माळावरचा वारा, तिथले पक्षी, दूरवरचा कळप, हे तिथलंच हवं. एवढ्यासाठी मी आलो आहे.

नैरोबीच्या विमानतळावर सामानाची यादी आणि प्रत्येक नगाचा सिरियल नंबर ताडून पाहायला दीड तास गेला. सिलिका जेलच्या पुड्या मी मुद्दाम कापडी पिशव्यांत भरल्या होत्या. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

हॉटेलात रात्री चपाती आणि भाजी. इथेही तिला चपातीच म्हणतात. गाडीला गारी, दुकानाला दुका, पैशाला पेसा. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून रेल्वे टाकायला तीस हजारांवर हिंदी मजूर आणले होते, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. हे शहर त्या रेल्वेचा तळ म्हणून 1899 मध्ये वसलं. नाव मात्र मसाई या इथल्या गुराखी जमातीच्या मा भाषेतलं आहे, अर्थ थंड पाणी.

दिवस दुसरा : नैरोबी – नारोक – मारा

आमचे ड्रायव्हर आणि गाइड एकच, साठीकडे झुकलेले मसाई गृहस्थ. स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात, तेव्हा आम्हीही त्यांना म्झेच म्हणू लागलो. त्यांनी गाडी सुरू करण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. कॅमेरे तर सगळेच आणतात, हा केसाळ उंदीर कसला? मी माइकवरचं फरचं आवरण काढून आतली जाळी दाखवली, वाऱ्याचा धक्का माइकला कसा लागतो ते सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात माझं निम्मं काम याच माणसामुळे झालं.

शहर संपलं की रस्ता एकदम कड्याच्या टोकावर येतो. खाली ग्रेट रिफ्टची दरी आणि समोर लाँगोनॉटचा ज्वालामुखी. घाट उतरताना रस्त्याकडेला एक चिमुकलं चर्च लागतं, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं. नारोकनंतर गव्हाची शेतं, मग कुंपणं, मग कुंपणं संपतात.

सेकेनानी गेटवर कागदपत्रं. प्रवेशाचं तिकीट बारा तासांचं असतं आणि जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर पडतात. चित्रीकरणाचा परवाना वेगळा, रस्ता सोडून गाडी न्यायची तर तेही वेगळं. अभयारण्य साधारण 1,500 चौरस किलोमीटरचं. आमचा मुक्काम नदीपलीकडच्या तुकड्यात, मारा ट्रँगलमध्ये होता. पुरुंगाटचा पूल ओलांडून तंबूपर्यंत पोचलो तेव्हा अंधार पडत होता. रात्रीच्या राखणीला दोन रेंजर.

जेवण झाल्यावर हेडफोन घातले आणि माइक पूर्वेकडे धरला. सुरुवातीला वाटलं, जनरेटर. पण सूर हलत होता. शेकडो, कदाचित हजारो घशांतून येणारं खालच्या पट्टीतलं हुंकारणं एकमेकांत मिसळून सलग झालं होतं. वाइल्डबीस्ट. बैलासारखी दिसणारी ही मोठी हरणं दर वर्षी स्थलांतर करून इथे येतात आणि नदी ओलांडतात, तेच आम्हाला टिपायचं होतं. काही वर्षांपूर्वी मी वारी रेकॉर्ड केली होती. दिवे घाटात पालखी दिसायच्या आधी खालून जो गजर चढत येतो, शब्द नसलेला, नुसता माणसांचा, त्याची आठवण झाली. अंगावर काटा आला.

दिवस तिसरा

नुसती तालीम. सकाळी साडेसहा ते साडेनऊ काम, मग जमीन तापते आणि लांबच्या लेन्समधून सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. कॅमेरामनदादा दहाला लेन्स झाकून ठेवतो. माझं उलट, वारा दहानंतर सुटतो आणि पहाटे तो नसतो. म्हणजे दोघांच्या वेळा एकच आणि गाडीही एकच. तो हलला की गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरतात. शेवटी ठरवलं, शॉट घेताना मी चूप, आणि शॉट झाल्यावर तीन मिनिटं सगळे पुतळे. ताईने ती तीन मिनिटं आठवडाभर पाळली आणि पाळायला लावली.

दिवस चौथा : चित्तीण

पहाटे एका वारुळावर मादी बसलेली, खाली तीन पिल्लं. म्झेंनी गाडी इतकी लांब थांबवली की कॅमेरामनदादा वैतागला. परवाना होता, जवळ जाता आलं असतं. ताईने म्झेंची बाजू घेतली. याच मारामध्ये चित्त्यांवर अभ्यास झाला आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात एका मादीची सरासरी 0.2 पिल्लं मोठी झाली, गर्दी कमी तिथे 2.3. एवढा फरक वाचल्यावर पन्नास मीटर मागे राहायला काय हरकत आहे?

तेवढ्यात एक पक्षी बोलला. बारीक, तीक्ष्ण चिवचिव. मी माइक झुडपाकडे वळवला, तर आवाज गेला. सरळ केला, तर आला. म्झे हळूच म्हणाले, आई बोलावते आहे. ती चिवचिव चित्तिणीची होती! चित्ता डरकाळी फोडत नाही हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि कानात तो चिमणीचा आवाज येत असताना समोर ते जनावर दिसणं वेगळं. पिल्लं गवतातून उड्या मारत आली.

आठच्या सुमाराला तिने थॉमसन गॅझेलच्या कळपाकडे चालायला सुरुवात केली. आमच्या कॅमेऱ्यात एक सोय असते, बटण दाबायच्या आधीचे काही सेकंद तो सतत आठवणीत धरून ठेवतो. जनावर सुटल्यावर बटण दाबलं तरी सुटतानाचा क्षण हाती लागतो. ही सोय नव्हती तेव्हा फिल्मवाल्यांनी किती रिळं नुसत्या अंदाजावर जाळली असतील. चित्तीण गवतात दबली, शंभर मीटर, ऐंशी, सत्तर... आणि डावीकडून एक पर्यटकांची गाडी आली आणि तिच्या आणि गॅझेलच्या मधून सरळ गेली. कळप उधळला. ती उठून उभी राहिली आणि मागे वळून पिल्लांकडे आली.

शॉट वाया गेला याचं दुःख नाही. पिल्लांची न्याहारी गेली. ती गाडी आली तो आवाज माझ्या फाइलीत आहे, मी तो पुसलेला नाही.

दिवस पाचवा : वाट पाहणं

वाइल्डबीस्ट नदी ओलांडतील म्हणून नदीकाठी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. पलीकडच्या काठावर चार-पाच हजार जनावरं. तीन वेळा पाण्यापर्यंत आली आणि तिन्ही वेळा बिथरून मागे पळाली. एकदा झेब्रा भुंकला म्हणून, एकदा काही कारण दिसलं नाही म्हणून.

अशा दिवशी गाडीत गप्पा होतात. म्झेंनी मसाईंच्या इमुटाईची गोष्ट सांगितली. इमुटाई म्हणजे सगळं पुसून गेलं तो काळ, 1883 पासून जवळजवळ वीस वर्षं. आधी गुरांना फुप्फुसाचा रोग, मग 1890 च्या दशकात आणखी एक रोग, मग माणसांना देवी. तो दुसरा रोग कोणता, तर रिंडरपेस्ट. नाव ऐकून मी दचकलो, कारण हीच आपली बुळकांडी. माझे आजोबा तिचं नाव दिवेलागणीनंतर घेऊ देत नसत. त्यांच्या गावात एका उन्हाळ्यात गोठेच्या गोठे रिकामे झाले होते.

इथे तिने गुरांबरोबर वाइल्डबीस्टही मारले. गुरांना लस टोचायला सुरुवात झाली, आणि त्या कामात नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेल्या लशीचा वाटा फार मोठा होता. गुरं वाचली तशी रानातली जनावरंही सुटली. 1961 मध्ये सेरेंगेटी (मारालगतचं टांझानियातलं रान) आणि मारात मिळून अडीच लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट होते, 1970 चं दशक संपता संपता ते तेरा लाखांवर गेले. 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. समोर जो कळप धूळ उडवत उभा होता, तो गुरांना दिलेल्या सुईमुळे उभा होता. स्थलांतराच्या चित्रपटात ही गोष्ट का नसते, असं मी ताईला विचारलं. तिने वहीत लिहून घेतलं.

दुपारी हत्ती पाणी प्यायला आले. मी सवयीने वाऱ्यासाठी लो-कट लावला होता, म्हणजे खालचे स्वर कापून टाकणारी चाळणी. मग आठवलं, हत्तींचं बरंचसं बोलणं तिथेच असतं, माणसाच्या कानाच्या खाली. 1984 मध्ये केटी पेन यांना पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं राहून छातीत थरथर जाणवली आणि त्यातून हा शोध लागला. मी चाळणी काढली. वाऱ्याची धडधड आली ती येऊ दे. हेडफोनमध्ये वेगळं काही ऐकू आलं नाही, पण घरी गेल्यावर आलेखात बघेन.

दिवस सहावा : नदी

सव्वादहाला पहिला वाइल्डबीस्ट पाण्यात उतरला.

रेंजरनी तोपर्यंत सगळ्या गाड्या काठापासून मागे रोखल्या होत्या, तसा नियमच आहे. जनावरं पाण्यात उतरली की मग पुढे जायचं. मी टपावरच्या झडपेतून, म्हणजे रूफ हॅचमधून, बूम (माइकची लांब काठी) बाहेर काढला होता, चार दिवस याच क्षणाची तयारी केली होती. पहिल्या जनावराचे खूर पाण्यावर आदळले ते मला ऐकू आले. स्वच्छ, एकटे. आणि पुढच्या दोन सेकंदांत दोन्ही काठांवर मिळून चाळीसएक डिझेल इंजिनं एकदम सुरू झाली.

त्यानंतर पंचवीस मिनिटं माझ्या कानात नदी नव्हती. गिअर, हॉर्न, एकमेकांना ओरडून सांगणं, रेडिओवरची खरखर, कुणीतरी लावलेलं गाणं. एका गाडीतल्या माणसाने बुडणाऱ्या वासराला पाहून टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच वेळी कॅमेरामनदादा आयुष्यातला एक अप्रतिम शॉट घेत होता. मॉनिटरवर मी पाहत होतो. धुळीतून उड्या घेणारी जनावरं, सेकंदाला 120 फ्रेमने अलगद तरंगणारे पाण्याचे थेंब, मगरीचं डोकं, पाठीमागे रिकामा, अनादी वाटणारा माळ. त्या चौकटीत एकही गाडी नव्हती. त्याने लेन्स दोन अंश डावीकडे वळवली असती तर अकरा गाड्या आल्या असत्या. चौकट हवी तिथे कापता येते. माइकला चौकट नसते, जे आहे ते सगळं त्यात येतं.

मला हे जंगलात प्रथमच दिसलं असं नाही. ताडोब्यात वाघिणीभोवती जिप्सींचा वेढा पडलेला मी रेकॉर्ड केला आहे. पण इथे पडद्यावरच्या शांततेची आणि कानातल्या गोंगाटाची एकाच क्षणाला गाठ पडली.

रात्री चर्चा झाली. दादाचं म्हणणं सरळ होतं. चित्र मिळालं, आवाज लायब्ररीतून घेऊ, प्रेक्षकाला काय कळणार. मी म्हटलं, कळणार नाही हेच मला खुपतं. आपण पाहणाऱ्याला सांगतो आहोत की ही जागा अशी आहे, आणि तो इथे येतो तो त्या रिकाम्या माळाच्या शोधात, आणखी एका गाडीत बसून. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दोन दिवस आहेत. इंजिनाशिवायची नदी आण. नाही मिळाली तर मी या प्रसंगाखाली हाच गोंगाट लावीन आणि शेवटचा शॉट गाड्यांचा ठेवीन.

दादाला ते पटलं नाही. पण सकाळी त्याने वाइड लेन्स लावून, न सांगता, गाड्यांचे चार शॉट घेतले.

दिवस सातवा : रात्रीची फाइल

आदल्या रात्री रेंजरच्या परवानगीने तंबूंपासून थोड्या अंतरावर, एका बालानाइटीसच्या झाडाला रेकॉर्डर बांधून ठेवला होता. सकाळी गेलो तर केबलचं टोक चावून चोथा केलेलं. ठसे तरसाचे. तरी पहाटे साडेतीनपर्यंतचा आवाज शाबूत होता. पाणघोड्यांचं हसल्यासारखं घुरघुरणं, तरसाची चढत जाणारी हाळी, दूरवर सिंह. सिंहाची गर्जना शांत रात्री आठ किलोमीटरवरही पोचते.

पण दोन वाजल्यानंतर मधूनच एक टिक्-टिक् येत होती. सुकी, नियमित. केबल आधीच ढिली झाली असणार असं धरून मी तो भाग टाकून द्यायला निघालो होतो. हेडफोन म्झेंना दिले, नुसतं सिंह ऐकवायला. ते डोळे मिटून ऐकत होते. टिकटिक आली तसे हसले आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

ईलंड! आफ्रिकेतलं हे बैलाएवढं हरीण. मोठा नर चालतो तेव्हा पुढच्या पायांच्या गुडघ्यातून असा आवाज निघतो, आणि आवाज जितका खोल तितका नर मोठा, असं मारातल्याच ईलंडांवर झालेल्या संशोधनातून दिसलं आहे. म्झेंना ते संशोधन ठाऊक नव्हतं. लहानपणी रात्री गुरं राखताना ते हाच टिकटिकाट ऐकून, ईलंड आहे, भिऊ नको, असं धाकट्या भावाला सांगायचे.

ती सहा मिनिटं मी तशीच ठेवली. दिवसभर नदीवर काही घडलं नाही.

दिवस आठवा : पाऊस

दुपारी व्हिक्टोरिया सरोवराकडून ढग आले. ऑगस्टमध्येही मारात असा दुपारचा पाऊस पडतो. पहिल्या सरीला बाकीच्या गाड्या लॉजकडे वळल्या, जेवणाची वेळही होती. काठावर आम्ही आणि पलीकडे एक गाडी. पावसाचे थेंब टपावर ताशासारखे वाजत होते. म्झेंनी आपला लाल शुका, म्हणजे मसाईंची अंगावरची चादर, काढला, मागच्या सीटवरच्या आणखी दोन घोंगड्या घेतल्या आणि हॅचमधून टपावर पसरल्या. थेंब मुके झाले. वीस वर्षं या कामात आहे, ही युक्ती मला सुचली नसती.

पाऊस थांबला. दीड वाजून गेला होता. म्झेंनी पलीकडच्या गाडीला रेडिओवर काहीतरी सांगितलं, मा भाषेत. त्या गाडीने इंजिन बंद केलं.

कळप आला. धूळ नव्हती, चिखल होता. पहिलं जनावर बराच वेळ पाण्याचा वास घेत उभं राहिलं. मग ते उतरलं.

मला वाटलं होतं, ढगफुटीसारखा आवाज असेल. चित्रपटांत तसाच असतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठा आवाज श्वासांचा होता. पोहणारं जनावर नाकपुड्या पाण्यावर धरून फुरफुर करतं, आणि अशा शेकडो नाकपुड्या. खूर काठावर आपटतात तेव्हा ओल्या मातीत थप् असा बसका आवाज, टापांचा टणत्कार नाहीच. मधूनमधून शिंगावर शिंग. पाण्यात असताना त्यांचं हुंकारणं जवळजवळ थांबतं, आणि अलीकडे चढली की पुन्हा सुरू होतं, जणू जो तो आपलं नाव सांगतो आहे. झाडावरची गिधाडं पंख झटकत होती. या नदीत दर वर्षी सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट बुडतात, असा अंदाज 2017 च्या एका अभ्यासात आहे. त्यांच्या देहांवर मासे, मगरी, गिधाडं जगतात आणि हाडं पुढे वर्षानुवर्षं पाण्याला खत देत राहतात.

आठ मिनिटांत कळप पार झाला. त्यानंतर अलीकडच्या काठावर एक मादी मागे वळली. हुंकार दिला, थांबली, पुन्हा दिला. पलीकडून वासराचा बारीक आवाज आला. पाण्याचा खळखळाट दोघांच्या मध्ये. दहाव्या मिनिटाला ती पाण्याच्या कडेला उतरली, पुन्हा चढली. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं, दादाने तर कॅमेऱ्यावरून हातच काढून घेतले होते. बाराव्या मिनिटाला पलीकडच्या चिखलातून काहीतरी घसरल्याचा आवाज, पाण्यात पडल्याचा आवाज, फुरफुर. मला दिसत नव्हतं, मी मीटरकडे बघत होतो. म्झेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, ते आलं.

दिवस नववा : परत

नारोकला चहा. नैरोबीच्या हॉटेलात तीन डिस्कवर बॅकअप, तिन्ही वेगवेगळ्या पेट्यांत. ताईने गाडीत दोनदा ती फाइल ऐकली आणि म्हणाली, इथे संगीत नको. गाड्यांचे चार शॉट तिच्या यादीत आहेत, सहाव्या दिवसाच्या गोंगाटासकट, नदीच्या आधी.

म्झे विमानतळावर सोडायला आले. त्यांचा शुका अजून ओला होता, टपावर वाळत घातला होता.

रात्री लॉग शीट पुरी केली. तारीख, मारा नदी, पावसानंतर, 14 मिनिटं 20 सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : गाड्या दोन, दोन्ही बंद.